मीठ खिशात ठेवणारा माणूस

डोमाजी कटरे यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन कुठे गेली, हे ते विचारणाऱ्याचा वकूब पाहून सांगत. लहान पोरांना सांगत, उंदरानं नेली. साहेबलोकांना सांगत, सरकारजमा झाली. बायकांना सांगत, लग्नात हरवली. मी भूगोलाचा मास्तर. मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की एक उत्तरेकडे गेलं आणि एक दक्षिणेकडे. मी ते खरं मानून चेहरा गंभीर केला. या लेखातली ही माझी पहिली फजिती. मोजत राहा, पुढे बऱ्याच आहेत.

कटरेजी वीज खात्यात लाईनमन होते. निवृत्त झाले, पण खांब त्यांच्या अंगातून उतरला नाही. समोर येईल ती वस्तू ते आधी हाताच्या उलट्या बाजूनं शिवून पाहत. दाराची कडी, चहाचा ग्लास, सायकलचं हँडल, अनोळखी दगड, सगळ्याला आधी हाताची पाठ. करंट असला तर तळहात मिटून वस्तूला चिकटतो, पाठ मात्र झटक्यानं मागे येते, असं त्याचं शास्त्र. मी एकदा हसून म्हणालो, "कटरेजी, चहात कुठला करंट?" ते म्हणाले, "सर, ज्याच्यात नसते म्हनतेत ना, त्याच्यातच असते."

पुढच्याच आठवड्यात ते माझ्या घरी आले. आत पाऊल टाकताच सवयीनं फ्रिजला हाताची पाठ लावली आणि मागे सरले. माझी बायको दोन महिन्यांपासून सांगत होती, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. मी तिला सांगत होतो, हा मनाचा खेळ आहे, थोडं प्राणायाम कर. कटरेजींनी प्लग काढला, अर्थिंगची तुटलेली वायर मला दाखवली आणि बायकोला विचारलं, "बाई, सर घरी पन शिकवतेत का?" त्या दिवसापासून आमच्या घरात कटरेजींना पहिला चहा आणि मला दुसरा मिळू लागला.

आता आमच्या मंडळाबद्दल. तिरोड्यातली सर्वात उंच वस्तू म्हणजे वीज प्रकल्पाची चिमणी, आणि तिच्यावर चढायला बंदी आहे. बाकी चारी दिशांना धानाच्या बांध्या, शेतंच शेतं, सपाट. अशा मुलखात गिर्यारोहण मंडळ काढण्याची कल्पना माझी. सह्याद्रीतली माणसं ऐकतील तर हसतील म्हणून आम्ही नाव साधं ठेवलं, 'रविवार पहाडी मंडळ'. हिवाळ्यात महिन्यातून एकदा जिल्ह्यातली एखादी पहाडी गाठायची, आदल्या संध्याकाळी पायथ्याशी मुक्काम, सकाळी चढाई, उतरून जेवण, परत. सभासद चौदा. मास्तर, नर्स, बाबू, दुकानदार, आणि एकच माणूस असा, ज्याला खरोखर चढता येत होतं. तो म्हणजे कटरेजी.

मंडळाची बैठक दोन-अडीच तास चालायची. पहाडी कोणती, हे पाच मिनिटांत ठरायचं. उरलेला वेळ जेवणाला. या प्रश्नावर मंडळात दोन पक्ष होते. एका पक्षाच्या प्रमुख शहारे सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की इंजेक्शनाआधीच पेशंट बरा व्हावा. त्यांचं म्हणणं, पहाडीवर जायचं तर भात आणि गावरान कोंबड्याचा रस्सा, नाहीतर घरीच बसा. दुसऱ्या पक्षाचे प्रमुख जैस्वाल शेठ, गोंदियातले भांड्यांचे व्यापारी. कांदासुद्धा निरखून खाणारे. त्यांचं म्हणणं, "भैया, पहाड़ पे पूरी और आलू की सूखी सब्जी. न गिरती है, न बहती है." शेठ स्वतः कधी चढले नाहीत. ते पायथ्याशी राहून पुऱ्या तळत आणि आम्ही वर गेलो की खाली मंडळाचं सामान सांभाळत. मी कुठल्या पक्षाचा? मी अध्यक्ष. म्हणजे दोन्हीकडे जेवणारा.

कटरेजी या वादात पडत नसत. कोपऱ्यात दोर उलगडून बसत, तीन बोटांनी वीत-वीत चाचपत, आणि सगळं ठरलं की एकच वाक्य बोलत. "मीठ माझ्याजवळ राहील."

हा मिठाचा मामला सांगितल्याशिवाय कटरेजी कळायचे नाहीत. मुक्कामाच्या सामानातलं मिठाचं पाकीट ते सकाळी चढायच्या आधी काढून घेत आणि पँटच्या खिशात घालत. सगळी माणसं खाली उतरेपर्यंत मीठ बाहेर निघत नसे. भाताचं काही अडत नाही, आपल्याकडे भातात मीठ कोण घालतो? पण वरण, रस्सा, भाजी, सगळं अळणी शिजून वाट पाहत बसे. शेवटचा माणूस उतरला की कटरेजी पाकीट काढत, मीठ पडे आणि मग पंगत. उतरलेल्या माणसानं त्यांच्यासमोर येऊन, स्वतःच्या तोंडानं, "उतरलो" असं म्हणायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नसे. "दुसऱ्याच्या तोंडानं उतरलेला मानूस उतरत नसते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा मी खाली आलो, त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिलो, आणि पायात काटा मोडला होता म्हणून बोलायच्या मनःस्थितीत नव्हतो. ते माझ्याकडे पाहत, मीठ खिशात धरून, काटा निघेपर्यंत थांबले. तेरा माणसं भुकेली उभी. शेवटी मी "उतरलो" म्हणालो तेव्हा शहारे सिस्टर म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी स्टॅम्पपेपर आना."

त्यामागची हकीकत त्यांनी एकदाच सांगितली, तीही आलू-कोंबडा वादाच्या ऐन मध्यात. लाईनमन खांबावर चढतो तेव्हा खालच्या पेटीतला फ्यूज काढून आपल्या खिशात घालतो. फ्यूज खिशात असला तर खाली कोणी कितीही घाई करो, लाईन सुरू होत नाही. एका गावी लग्न होतं. लाईन गेली होती. कटरेजी तेव्हा तरणे होते. त्यांनी फ्यूज काढला, पण खिशात न घालता पेटीवरच ठेवला. मंडपात बुंदी पाडायची होती, उजेड नव्हता, पाहुणे भुकेले. कोणीतरी म्हणालं, लाईनमन उतरला असेल. कोणीतरी फ्यूज बसवला.

"मंग?" जैस्वाल शेठनं विचारलं.

"मंग काय जी. बुंदी चांगली झाली म्हनतेत. मले दवाखान्यात आनून देल्ली होती."

एवढं बोलून ते पुन्हा दोर चाचपू लागले. त्यानंतर आम्ही एकमतानं ठरवलं की पुरीसोबत आलूऐवजी वांगं चालेल का याचा विचार व्हावा. माणूस फार वेळ दुसऱ्याच्या बोटांचा विचार करू शकत नाही.

ज्या सहलीसाठी हे सगळं लिहितो आहे, ती सुपडीची. केशोरीच्या पलीकडे जंगलात एक पहाडी आहे. तिच्या माथ्याच्या खाली एक प्रचंड सपाट खडक तिरपा पडलाय, धान पाखडायला धरलेल्या सुपासारखा. चाळीसेक फूट. उन्हाळ्यात लेकरूही चढेल, पण हिवाळ्यात सकाळी दव असतं आणि कडेला शेवाळ. सुपाच्या डाव्या अंगाला धड काही नाही, खाली दगड आणि काटेरी झुडपं. कटरेजी आठ दिवस आधी एकटेच जाऊन पाहून आले होते. बैठकीत त्यांनी खडूनं फरशीवर सूप काढून दाखवलं, कुठून जायचं, कुठून नाही. त्या चित्रावर जैस्वाल शेठनं चहाचा कप ठेवला.

शनिवारी संध्याकाळी पायथ्याच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावर मुक्काम पडला. चुली दोन, एक आमची, एक शेठची, मध्ये पन्नास पावलांचं अंतर, आणि दोन्हीचा धूर एकमेकांकडे जाऊ नये म्हणून शेठनं वाऱ्याचा अंदाज घेऊन जागा निवडलेली. मागच्या सहलीला एक सभासद धनेश पक्ष्याचा फोटो काढत पहाडीवर दोन तास बसला होता आणि तेवढा वेळ सगळ्यांची डाळ अळणी थिजली होती. त्याचा राग अजून गेला नव्हता. चहा होताच विषय निघाला. शहारे सिस्टर आणि जैस्वाल शेठ या दोघांचं आयुष्यात कधी एकमत झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. शेठ म्हणाले, बिना नमक की सब्जी म्हणजे अस्पताल. सिस्टर म्हणाल्या, अस्पतालातसुद्धा मीठ असते, मी तीस वर्ष होते ना तिथं. मग कोणीतरी म्हणालं की चढाईला कटरेजींऐवजी नवा नेता हवा. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाहू दिलं.

खरं सांगायचं तर मी तयारीनं आलो होतो. दुपारी केशोरीत गाडी थांबली तेव्हा मी गुपचूप मिठाचं एक पाकीट विकत घेऊन पिशवीत लपवलं होतं. नेत्याला दूरदृष्टी हवी.

हात वर करून मतदान झालं. बारा हात वर गेले, आणि तेरावा कटरेजींचा, तीन बोटांचा. मी म्हणालो, "कटरेजी, तुम्ही स्वतःच्या विरुद्ध?"

"बहुमतात राहिलेलं बरं असते, सर," ते म्हणाले. त्यांनी आपल्या गळ्यातली नेत्याची शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. मी लोकशाहीवर छोटं भाषण केलं. ते संपेपर्यंत कटरेजी उठून गेले होते आणि सकाळच्या चढाईसाठी दोराला गाठी मारत होते. मीठ मात्र सकाळी त्यांनी सवयीनं आपल्याच खिशात घातलं. मी मोठ्या मनानं तिकडे दुर्लक्ष केलं.

इथे हरिणखेडे बाबूंची ओळख करून देणं भाग आहे. तहसील कचेरीत कारकून, स्वभावानं मऊ, आवाजानं त्याहून मऊ. त्यांनी काही नवस बोलला होता, पण अर्धा. महाशिवरात्रीपर्यंत रस्सा चालेल, कोंबड्याच्या फोडी चालणार नाहीत. म्हणून ते पुरी शेठच्या चुलीवरून घेत आणि रस्सा आमच्या चुलीवरून, आणि मधल्या पन्नास पावलांत दोन्हीकडच्या टोमण्यांना हसत जेवत. मंडळात त्यांना सगळे 'सीमाभाग' म्हणायचे.

सकाळी आम्ही निघालो. शेठ दोन्ही चुली सांभाळायला खाली राहिले, आमच्या रस्स्याच्या गंजाकडे, पातेल्याकडे, पाहताना नाकाला रुमाल लावून. कटरेजींनी डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं होतं आणि कमरेला खांबावर चढायचा जुना चामडी पट्टा. शाळेच्या सहलीची पोरं भेटली असती तर मी त्यांना ओळख दाखवली नसती. सुपाच्या वर येनाचं झाड होतं. त्यांनी न विचारता पुढे होऊन दोर तिथं बांधला आणि एकेकाला धरून वर घेतलं. प्रत्येकाला तेच सांगत होते, दोर सोडून डावीकडं जाऊ नका. माथ्यावर आम्ही फोटो काढले. सगळ्या फोटोंत मी पुढे आहे, गळ्यात शिट्टी.

आणि मग खालून वास आला. पुऱ्यांचा आणि रस्स्याचा, एकत्र. शेठचा वाऱ्याचा अंदाज चुकला होता.

नेत्यानं कुठे असावं? कटरेजी नेहमी सर्वात शेवटी उतरत. मी विचार केला, नेता म्हणजे जो पुढे असतो. शहारे सिस्टरचे गुडघे दुखत होते, तेव्हा मी कटरेजींना हुकूम दिला की तुम्ही सिस्टरला घेऊन उतरा आणि तसेच बोडीवर जाऊन पाणी आणा. ते एकदा मागे पाहून म्हणाले, "मांगं कोन राहील?" मी म्हणालो, मी पाहतो. आणि मी पहिला उतरलो.

खाली मी पिशवीतून माझं पाकीट काढून रस्स्यात मीठ टाकलं. पंगती बसल्या, दोन, पाठीला पाठ लावून. मी शिट्टी वाजवली आणि विचारलं, सगळे आले? दोन्ही पंगतींतून आवाज आला, आले. मला एका शिट्टीत तेरा "उतरलो" मिळाले. इतकी कार्यक्षमता कटरेजींच्या काळात कधी नव्हती. मी तंगडी उचलली.

कटरेजी दोन्ही हातांत पाण्याच्या कॅन घेऊन आले. त्यांना कोणीतरी पत्रावळ दिली. ते बसले नाहीत. आमच्या पंगतीवरून नजर फिरवली, मग शेठच्या पंगतीवरून, मग पुन्हा आमच्या.

"हरिणखेडे कोठी हायेत?"

आमच्या पंगतीनं सांगितलं, तिकडं पुरीले गेला असंल. शेठच्या पंगतीनं सांगितलं, वो तो मुर्गी की तरफ गया. दोघंही खात्रीनं बोलत होते. सीमाभाग दोन्ही नकाशांत दाखवलेला होता, आणि मी भूगोलाचा मास्तर.

कटरेजींनी पत्रावळ जमिनीवर उपडी ठेवली आणि चालू लागले. ओरडले नाहीत, पळाले नाहीत. मी तंगडी टाकून मागे धावलो. त्यांनी न वळता सांगितलं, "हात धुवा सर. तेलाच्या हातानं दोर पकडता येत नाही." मी बोडीवर जाऊन राखेनं हात घासले. घाईत राख सगळीकडे लागली, हात सोडून.

हरिणखेडे बाबू सुपाच्या डाव्या अंगाला होते. माथ्यावर ते आमच्यापासून वेगळे होऊन पलीकडे गेले होते, मोबाईलला रेंज पाहायला. का, तर त्या दिवशी कोणतीशी तिथी होती, आणि त्या तिथीला रस्सा चालतो की नाही हे त्यांना बायकोला विचारायचं होतं. रेंज मिळाली नाही. परत आले तर माथा रिकामा. घाबरून जवळच्या वाटेनं उतरायला गेले, दोर सोडून, आणि शेवाळावरून घसरत एका हातभर रुंद कपारीवर थांबले. पाय मुरगळला होता. खाली वीसेक फुटांवर दगड. तिथून ते आम्हाला हाका मारत होते. त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे.

सुपाच्या खालून कटरेजींनी वर पाहिलं. "बाबू, हलू नका. म्या येऊन राहिलो."

मग ते मला म्हणाले की वर चला. येनाच्या बुंध्याशी त्यांनी मला बसवलं, पाय दगडाला टेकवून, दोराचे दोन वेढे झाडाला आणि टोक माझ्या हातात. दुसरं टोक स्वतःच्या पट्ट्याला. "हा माझा फ्यूज हाये असं समजा," ते म्हणाले. "कोनीबी सांगो, शेठ सांगो, सिस्टर सांगो, बाबू उतरला म्हनून. तुमी ऐकाचं नाही. बाबूच्या तोंडून ऐकाचं. मंग सोडाचं."

मी मान हलवली.

"मान नका हलवू. बोला."

"बाबूंच्या तोंडून," मी म्हणालो.

ते हाताची पाठ प्रत्येक दगडाला लावत, चार पायांवर, आडवे सरकत गेले. कपारीवर पोचल्यावर त्यांनी आपला पट्टा काढून हरिणखेड्यांच्या कमरेला बांधला आणि डोक्यावर आपलं हेल्मेट ठेवलं. म्हणजे आता दोर बाबूंना होता आणि कटरेजींना काहीच नव्हतं. हे मला वरून दिसत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हतो, हात सोडता येत नव्हते.

बाबू उभे राहायला पाहत होते. कटरेजींचा आवाज वर आला. "बसून चला बाबू. उभं कायले राहता, तुमची वरात हाये का? बसा. आता पाय पुढं. असं. घरून निंगताना काय ठरलं होतं मंग, रस्सा का पुरी?"

"बाईले... विचाराचं होतं."

"खाली गेल्यावर विचारू. पाय पुढं. म्या सांगू का? तिथी काल होती. आज चालते."

असं एकेक वीत. मी दोर सोडत होतो तेवढाच, जेवढा ओढला जाई. तळहात सोलून निघाले. खालून आवाज आला, शेठचा, "आ गए, आ गए, छोड़ दो." मी सोडलं नाही. मग सिस्टर ओरडल्या की पोचले सर, सोडा. मी सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं तरी न ऐकून शहाणपणा केला. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक मऊ, फाटका आवाज आला. "उतरलो जी." आणि लगेच त्याच्यामागून दुसरा, कोरडा. "म्याबी उतरलो. आता तुमी या सर. बसून या. कोनाले विचारू नका."

मी एकटा वर होतो. मंडळाचा नेता अखेर सर्वात शेवटी उतरला, बुडावर, आणि माझ्या पँटचा तो भाग अजून सुपडीवर आहे.

खाली पाहतो तर सगळे. पंगती अर्ध्यावर सोडून आलेले. जैस्वाल शेठ, जे जन्मात कुठल्या चढावर चढले नव्हते, टॉवेलात पुऱ्या बांधून धापा टाकत उभे होते. सिस्टर हरिणखेड्यांच्या पायाला पट्टी गुंडाळत त्यांना शिव्या देत होत्या, आणि त्या शिव्या ऐकून बाबू रडत हसत होते. सुपाच्या पायथ्याशी दगडावर बसून आम्ही सगळे एकाच ठिकाणी जेवलो. रस्सा वर आणला गेला आणि कोणीही नाकाला रुमाल लावला नाही. रस्सा मात्र असा खारट की डोळ्यांत पाणी यावं. चौकशी केली तेव्हा कळलं, शहारे सिस्टरनीही गुपचूप मीठ आणून टाकलं होतं. शेठनीही आपल्या भाजीत टाकायला वेगळं पाकीट आणलं होतं. एका माणसाला फसवायला तीन पाकिटं लागली होती. कटरेजींनी हरिणखेड्यांच्या पत्रावळीत फोडी काढून नुसता रस्सा वाढला आणि स्वतः त्या फोडी खाल्ल्या. खारट म्हणून एक शब्द काढला नाही.

परतीच्या आधी मी शिट्टी गळ्यातून काढून त्यांच्यापुढे धरली. काहीतरी मोठं बोलायचं मनात जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. सिस्टर आणि शेठही म्हणाले की कटरेजी, घ्या परत.

"नाही," ते म्हणाले. "आता सरच करतील."

"मी?" मी म्हणालो. "मी काय केलं ते पाहिलं ना तुम्ही?"

"पाहिलं म्हनूनच. सकाळी तुमाले भेव नव्हतं. आता लागलं. ज्याले भेव हाये त्याच्याजवळच दोर द्यावा."

ती मंडळाची त्या हिवाळ्यातली शेवटची सहल होती. उन्हाळ्यात आम्ही चढत नाही. उन्हाळ्यातच त्यांना कावीळ झाली. ते मुलीकडे राजनांदगावला गेले आणि तिथेच गेले. ना खांबावरून, ना पहाडीवरून. खाटेवर, पांघरूण घेऊन, पथ्याचा भात खात. इतका सुरक्षित मृत्यू त्यांना कसा पटला असेल, कोण जाणे. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

शेवटचं पाहिलं ते सुपडीहून परतताना, त्याच संध्याकाळी. गोरेगावच्या अलीकडे त्यांच्या गावाचा फाटा लागतो. गाडी थांबली. बाकीचे बहुतेक झोपले होते, हरिणखेडे बाबू शेठच्या खांद्यावर मान टाकून. कटरेजी पिशवी घेऊन उतरले, दार ओढून हाताच्या पाठीनं नीट लागलं का पाहिलं, आणि कापणी झालेल्या बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद मातीच्या बांधावरून, चालू लागले. मला वाटलं होतं ते वळून पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. धुरा वळतो तिथं ते झाडाआड गेले.

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी गाडीतली माणसं मोजली. तेरा. बरोबर होतं, एक उतरला होता. मी पुन्हा मोजली.

"कोनी राहिला का साहेब?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो, पण चला म्हणायला मला बराच वेळ लागला.